अर्ध्या वाटेवरचे औषध कोणाच्या मालकीचे?

लोकसभेने २९ मार्च २०२३ रोजी स्पर्धा (सुधारणा) विधेयक मंजूर केले, तेव्हा सभागृहात घोषणाबाजी चालू होती. विधेयकावर चर्चा झाली नाही. पाच दिवसांनी, ३ एप्रिल रोजी, राज्यसभेनेही गोंधळातच त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या दिवसांतील राजकीय संघर्ष इतका तीव्र होता, की कंपन्यांच्या विलीनीकरणासंबंधीच्या एका तांत्रिक तरतुदीकडे कोणाचे लक्ष जाण्याची शक्यता नव्हती. मात्र या देशात उद्याची औषधे कोणाच्या हाती असतील आणि कोणत्या किमतीला मिळतील, या प्रश्नाशी त्या तरतुदीचा थेट संबंध आहे.

तरतूद समजण्यास अवघड नाही. पूर्वी एखादी कंपनी दुसरीला विकत घेत असेल, तर स्पर्धा आयोगाची परवानगी लागणार की नाही हे दोन्ही कंपन्यांच्या मालमत्तेवर आणि उलाढालीवर ठरत असे. उलाढाल नगण्य, पण भवितव्य मोठे, अशा कंपन्यांचे सौदे या जाळ्यातून निसटत. फेसबुकने २०१४ मध्ये सुमारे १९ अब्ज डॉलरना व्हॉट्सअॅप घेतले, ते याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. म्हणून नव्या कायद्याने सौद्याची किंमत हाच स्वतंत्र निकष केला. दोन हजार कोटी रुपयांहून मोठा सौदा असेल आणि घेतल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असेल, तर आयोगाची मंजुरी आवश्यक ठरली. १० सप्टेंबर २०२४ पासून ही व्यवस्था अमलात आली.

कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भ्रमणध्वनीवरील अॅप होते. पण विक्री शून्य आणि किंमत अब्जावधी, असे सौदे औषध उद्योगात कितीतरी आधीपासून होत आले आहेत. तेथे विकली जाते ती प्रयोगशाळा आणि तिच्यातले अर्ध्या वाटेवरचे औषध.

पंधरा बालके आणि ८.७ अब्ज डॉलर

स्वित्झर्लंडच्या नोव्हार्टिस कंपनीने एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेतील अॅव्हेक्सिस ही कंपनी ८.७ अब्ज डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५६ हजार कोटी रुपयांना, घेण्याचे जाहीर केले. अॅव्हेक्सिसचे एकही औषध तेव्हा बाजारात नव्हते. तिच्याजवळ होता स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफी या आनुवंशिक विकारावरील जनुकोपचार. या विकारात बालकाचे स्नायू क्षीण होत जातात आणि तीव्र प्रकारात उपचाराविना ते दोन वर्षेही क्वचितच काढते. या उपचाराच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत अवघी १५ बालके होती. त्या चाचणीचे निष्कर्ष नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पाच महिन्यांत सौदा ठरला.

मे २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने 'झोल्गेन्स्मा' या नावाने त्याला मान्यता दिली. एका मात्रेची किंमत ठरली २१ लाख २५ हजार डॉलर. ज्या संशोधनावर हा उपचार उभा राहिला त्याचा मोठा भाग ओहायो राज्यातील कोलंबस येथील एका बालरुग्णालयात झाला होता. त्याला अमेरिकी सरकारचे अनुदान होते आणि या विकाराने ग्रासलेल्या मुलांच्या पालकांनी उभ्या केलेल्या धर्मादाय संस्थांचा पैसाही होता. मूळ देणगीदारांचा अंतिम किमतीवर काडीचाही अधिकार उरला नाही.

भारतात या घटनाक्रमाचे शेवटचे टोक दिसले ते २०२१ च्या फेब्रुवारीत. मुंबईतील एका कुटुंबाने लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटी रुपये जमवले, आणि त्यावरचे सीमाशुल्क व वस्तू-सेवा कर मिळून सुमारे सहा कोटी केंद्र सरकारने माफ केले. त्यानंतर सरकारी यंत्रणा हलली, हे नाकारता येणार नाही. मार्च २०२१ मध्ये दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लखनौच्या बैठकीत जीएसटी परिषदेने या औषधाला वैयक्तिक वापरासाठी करमुक्त केले. धोरणानुसार मिळणारी मदत २०२२ मध्ये रुग्णामागे ५० लाखांपर्यंत वाढवण्यात आली. एप्रिल २०२३ पासून धोरणातील आजारांवरील आयात औषधांचे मूळ सीमाशुल्कही गेले.

प्रत्येक निर्णय स्वागतार्ह. पण हिशेब मांडला तर १६ कोटींच्या एका मात्रेपुढे ५० लाखांची मदत बत्तिसावा हिस्सा भरते. उरलेले ३१ हिस्से वडिलांनी कोठून आणायचे, याचे उत्तर धोरणात नाही. ते असूही शकत नाही, कारण किमतीचा निर्णय झाला तो एप्रिल २०१८ मध्ये, बासेल आणि शिकागोच्या दरम्यान. दिल्लीचे निर्माण भवन या साखळीत येते ते अगदी शेवटच्या कडीला, विमानतळावर खोका उतरल्यावर.

बड्या कंपन्यांची बाजू

या व्यवहारांकडे केवळ लोभ म्हणून पाहणे सोपे आहे, परंतु ते अपुरे आहे. बड्या औषध कंपन्यांचे उत्पन्न थोड्याच औषधांवर उभे असते आणि एकस्वाची मुदत संपली की ते वेगाने ओसरते. मर्कच्या 'कीट्रूडा' या कर्करोगावरील औषधाचे महत्त्वाचे अमेरिकी एकस्व २०२८ मध्ये संपते. ती पोकळी भरण्यासाठी मर्कने २०२३ मध्ये प्रोमिथियस बायोसायन्सेस ही कंपनी १०.८ अब्ज डॉलरना घेतली. स्वतःच्या प्रयोगशाळेत दहा-पंधरा वर्षे थांबण्यापेक्षा दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतले आश्वासक फळ विकत घेणे त्यांना परवडते.

त्यात धोकाही खरा असतो. अॅबव्हीने २०१६ मध्ये स्टेमसेंट्रक्स ही कंपनी ५.८ अब्ज डॉलर रोख व समभागांच्या रूपाने देऊन घेतली. फुप्फुसाच्या कर्करोगावरील तिचे मुख्य औषध चाचण्यांत टिकले नाही आणि २०१९ मध्ये ते काम गुंडाळावे लागले. छोट्या कंपनीला तिसऱ्या टप्प्याच्या हजारो रुग्णांच्या चाचण्या, अनेक देशांतील नियामकांची मंजुरी आणि कारखाना, हे सारे पेलवत नाही. साहसवित्त पुरवणारे गुंतवणूकदार पैसे घालतात तेच मुळी पुढे कोणीतरी मोठी कंपनी विकत घेईल या आशेने. हा दरवाजा बंद केला, तर आत येणाराही थांबेल, असा उद्योगाचा युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे.

परंतु या युक्तिवादाच्या आड दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली गोष्ट किमतीची. हेपटायटिस 'सी' वरील सोफोसबुविर हे औषध फार्मासेट या छोट्या कंपनीचे. गिलियडने नोव्हेंबर २०११ मध्ये ती सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतली आणि डिसेंबर २०१३ मध्ये औषध बाजारात आणले ते एका गोळीला हजार डॉलर, बारा आठवड्यांच्या उपचाराला ८४ हजार डॉलर या दराने. अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीच्या दोन सदस्यांनी, डेमोक्रॅट रॉन वायडेन आणि रिपब्लिकन चक ग्रासली यांनी, दीड वर्ष कागदपत्रे तपासून डिसेंबर २०१५ मध्ये अहवाल दिला. फार्मासेटने स्वतः विचारात घेतलेली किंमत ३६ हजार डॉलर होती, हे त्या तपासात उघड झाले. उत्पन्न जास्तीत जास्त वाढवणे हेच गिलियडच्या किंमत धोरणाचे सूत्र होते, असा निष्कर्ष दोन विरोधी पक्षांच्या सदस्यांनी एकत्र काढला. म्हणजे संशोधनाचा खर्च तोच, औषध तेच, पण मालक बदलला आणि अपेक्षा दुपटीहून वाढली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. काही सौदे औषध बाजारात आणण्यासाठी नव्हे, तर ते येऊ नये म्हणून केले जातात. कनिंगहॅम, एडरर आणि मा या तीन अर्थशास्त्रज्ञांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की औषध क्षेत्रातील तपासलेल्या व्यवहारांपैकी ५.३ ते ७.४ टक्के व्यवहार या प्रकारचे होते. क्वेस्टकोर कंपनीने आपल्या महागड्या 'अॅक्थार' औषधाला स्पर्धा होऊ नये म्हणून २०१३ मध्ये 'सिनॅक्थेन' या औषधाचे अमेरिकेतील हक्क घेतले, असा आरोप अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने केला. पुढे क्वेस्टकोरला सामावून घेतलेल्या मॅलिंक्रॉटने २०१७ मध्ये १० कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.

नियामक जागा असेल तर काय घडते, याचेही उदाहरण आहे. पॉम्पे या दुर्मीळ विकारावरील औषधांच्या बाजारात सनोफीचे वर्चस्व आहे. माझे थेराप्युटिक्स या छोट्या कंपनीच्या, त्याच विकारावरील प्राथमिक अवस्थेतल्या गोळीचे हक्क सनोफी घेऊ पाहत होती. डिसेंबर २०२३ मध्ये संघीय व्यापार आयोगाने हा व्यवहार रोखण्यासाठी पावले उचलताच सनोफीने माघार घेतली. त्या गोळीचे काम बंद पडले नाही. पुढच्याच वर्षी जपानच्या शिओनोगीने तिचे हक्क घेतले. अटकाव केला की गुंतवणूक आटते, हे विधान सरसकट खरे नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

दिल्लीतील तीन धारिका

आता भारताकडे यावे. या विषयाच्या धारिका तीन वेगवेगळ्या कार्यालयांत पडून आहेत आणि तिन्हींना जोडणारा धागा कोणत्याही एका टेबलावर नाही.

पहिली धारिका कंपनी व्यवहार मंत्रालय आणि स्पर्धा आयोगाची. सौद्याच्या किमतीचा नवा निकष वर सांगितला. त्यातील 'भरीव व्यवसाय' या शब्दांची व्याख्या नियमावलीत आहे. डिजिटल सेवा सोडून अन्य क्षेत्रांत, भारतातील उलाढाल वा विक्रीमूल्य जागतिक आकड्याच्या किमान १० टक्के हवे आणि शिवाय ५०० कोटी रुपयांहून अधिक हवे. ज्या प्रयोगशाळेचे औषध अजून चाचणीत आहे तिची विक्री शून्य. जुन्या निकषातही घेतल्या जाणाऱ्या कंपनीची भारतातील मालमत्ता ४५० कोटींपर्यंत किंवा उलाढाल १,२५० कोटींपर्यंत असेल तर सूट आहेच. म्हणजे बेंगळुरू, हैदराबाद वा पुण्यातील एखादी जैवतंत्रज्ञान कंपनी उद्या पाच हजार कोटींना विकली गेली, तरी स्पर्धा आयोगाला त्याची वर्दी मिळेलच असे नाही. अॅपसाठी विणलेल्या जाळ्यातून औषध निसटते.

दुसरी धारिका थेट परकीय गुंतवणुकीची. २००८ मध्ये दाइइची सान्क्योने रॅनबॅक्सी घेतली, २००९ मध्ये सनोफीने हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सवर ताबा मिळवला, २०१० मध्ये अॅबटने पिरामलचा औषध व्यवसाय ३.७२ अब्ज डॉलरना घेतला. या मालिकेने सरकार सावध झाले आणि २०११ च्या अखेरीस प्रस्थापित औषध कंपन्यांतील परकीय गुंतवणूक मंजुरीच्या मार्गावर आणण्यात आली. शांता कुमार यांच्या अध्यक्षतेखालील वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीने तर ऑगस्ट २०१३ मध्ये अशा गुंतवणुकीवर सरसकट बंदीची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही आणि जून २०१६ मध्ये ७४ टक्क्यांपर्यंतची गुंतवणूक मंजुरीविना खुली झाली. सोबत अटी घातल्या गेल्या: अत्यावश्यक औषधांचे उत्पादन आणि संशोधनावरचा खर्च पाच वर्षे पूर्वीच्या पातळीवर राखावा. अटी योग्यच आहेत, पण त्या कारखान्याला लागू पडतात. जे औषध अजून जन्मलेच नाही त्याचे उत्पादन कोणत्या पातळीवर राखायचे? त्याची चाचणी चालू राहील, ते भारतात मिळेल, परवडणाऱ्या दरात मिळेल, असे कोणतेही बंधन त्यात नाही.

तिसरी धारिका सर्वांत जुनी आणि सर्वांत विस्मृत. सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाच्या मालकीविषयीचे विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. अमेरिकेच्या १९८० च्या बाय-डोल कायद्याची ती नक्कल असल्याची टीका झाली, ते स्थायी समितीकडे गेले आणि अखेर २०१४ मध्ये मागे घेण्यात आले. ते विधेयक सदोष होते. मूळ अमेरिकी कायद्यात सरकारला हस्तक्षेपाचा अधिकार आहे, पण औषधाच्या किमतीच्या कारणावरून तो आजवर एकदाही वापरला गेलेला नाही. तरी सदोष विधेयक मागे घेतल्यावर त्या जागी निर्दोष काही आले पाहिजे होते. ते आले नाही. दरम्यान जैवतंत्रज्ञान विभाग आणि २०१२ मध्ये स्थापन झालेली 'बायरॅक' ही संस्था नवउद्योगांना अनुदान देत राहिल्या, आणि २०२३ मध्ये औषध व वैद्यकीय उपकरण संशोधनासाठी पाच हजार कोटींची योजनाही जाहीर झाली.

पवईतील कसोटी

हा प्रश्न भविष्यातला नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून रक्ताच्या कर्करोगावरील 'नेक्सकार १९' हा कार-टी उपचार उभा राहिला. प्रा. राहुल पुरवार आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी इम्युनोअॅक्ट ही कंपनी काढली. पवईत घडलेल्या या उपचाराच्या चाचण्या खारघरच्या 'अॅक्ट्रेक' संस्थेत सुरू झाल्या आणि त्यांना 'बायरॅक'चे साह्य होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशाच्या औषध नियामकाने मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. परदेशातील खर्चाच्या सुमारे एक दशांशात तो उपलब्ध झाला.

याच जातीच्या उपचाराचा अमेरिकी प्रवास याच्याशेजारी ठेवून पाहावा. तेथील सरकारी राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले संशोधन काइट फार्मा या कंपनीकडे गेले, गिलियडने २०१७ मध्ये ती ११.९ अब्ज डॉलरना घेतली आणि त्याच वर्षी उपचाराची किंमत ३ लाख ७३ हजार डॉलर ठरली. दोन्हीकडे आरंभ सार्वजनिक पैशातूनच झाला. फरक पडला तो पुढच्या मालकाच्या अपेक्षेत. इम्युनोअॅक्टमध्ये २०२१ मध्ये हैदराबादच्या लॉरस लॅब्जने सुमारे एक चतुर्थांश वाटा घेतला, तोही देशी आणि मर्यादित रकमेचा. पण उद्या अशाच एखाद्या संस्थेपुढे हजारो कोटींचा प्रस्ताव आला तर काय? संशोधकांच्या सदिच्छेवर भिस्त ठेवणे हे धोरण होऊ शकत नाही.

प्रस्ताव येणारच नाहीत, असे मानण्याचेही कारण नाही. जून २०२५ मध्ये एली लिलीने व्हर्व्ह थेराप्युटिक्स ही कंपनी १.३ अब्ज डॉलरपर्यंतच्या सौद्यात घेतली. एकाच मात्रेत कोलेस्टेरॉल कायमचे उतरवण्याचा तिचा जनुकोपचार अजून पहिल्या टप्प्यात होता. त्याच महिन्यात अॅबव्हीने कॅपस्टन ही कंपनी २.१ अब्ज डॉलरपर्यंत मोजून घेण्याचे जाहीर केले. पेशी शरीराबाहेर न काढता आतल्या आतच कार-टी घडवण्याचे तिचे तंत्र आहे. पहिल्याचा संबंध हृदयविकाराशी, म्हणजे भारतातील घराघराशी आहे. दुसरे तंत्र यशस्वी झाले तर पवईतल्या उपचाराची पुढची पिढी तेच असेल.

येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. अडचण आलीच तर एकस्व कायद्यातील सक्तीचा परवाना आहे, असे उत्तर आरोग्यविषयक चर्चेत दिले जाते. मार्च २०१२ मध्ये नॅटकोला तो परवाना मिळाला आणि बायरच्या कर्करोगावरील औषधाची मासिक किंमत २ लाख ८० हजारांवरून सुमारे ८,८०० रुपयांवर आली, हे खरे. सोफोसबुविरच्या बाबतीतही गिलियडने सप्टेंबर २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना परवाने दिले आणि २०१८ मध्ये सरकारी हेपटायटिस कार्यक्रम उभा राहू शकला. पण ही रसायने होती. रेणूची रचना कळली की भारतीय रसायनशास्त्रज्ञ ते बनवू शकतो. जनुकोपचाराचे तसे नाही. विषाणूवाहक कसा वाढवायचा, शुद्ध कसा करायचा, प्रत्येक खेपेची परीक्षा कशी घ्यायची, हे ज्ञान एकस्वाच्या कागदात नसून कंपनीच्या कारखान्यात असते. परवाना मिळाला तरी हाती उरतो तो कागद. म्हणून या औषधांच्या बाबतीत शेवटच्या टप्प्यावरचा हस्तक्षेप निष्प्रभ ठरतो आणि आरंभीची अटच काय ती उपयोगी पडते.

आरंभीची अट घालणे अवघड नाही. सरकारी अनुदानाच्या करारात तीन कलमे असावीत. कंपनीची मालकी बदलली तरी भारतात औषध उपलब्ध करण्याचे बंधन नव्या मालकावर राहील. ठराविक मुदतीत विकास थांबवला तर हक्क मूळ सार्वजनिक संस्थेकडे परत येतील. आणि सरकारी रुग्णालयांसाठी वाजवी दराचा करार आधीच झालेला असेल. स्पर्धा आयोगाने 'भरीव व्यवसाय' मोजताना उलाढालीखेरीज भारतातील संशोधन, चाचण्या आणि सरकारी अनुदान हेही निकष धरावेत. पहिल्यासाठी अनुदान देणाऱ्या विभागाचा आदेश पुरेल, दुसऱ्यासाठी नियमावलीतील दुरुस्ती.

अशा अटींमुळे नवउद्योगांचे मूल्य घटेल, असा आक्षेप अर्थ मंत्रालयाच्या बाजूने येईल. थोडे घटेलही. पण ज्या जोखमीचा पहिला आणि सर्वांत अनिश्चित वाटा करदात्याने उचलला, तिच्या फळात त्याला रुग्ण म्हणूनही स्थान नसावे, हा हिशेब कोणत्याही गुंतवणूकदाराने स्वतःसाठी मान्य केला नसता. शिवाय अट आधीपासून ठाऊक असेल तर घेणारा ती धरूनच किंमत लावतो. गुंतवणूकदाराला धास्ती वाटते ती नियम मध्येच बदलण्याची.

हे काम संसदेचे आहे. २०१३ च्या समितीने बंदीची टोकाची शिफारस केली म्हणून ती बाजूला पडली, आणि २०२३ च्या कायद्यावर दोन्ही सभागृहांत बोलणेच झाले नाही. आरोग्य, वाणिज्य, अर्थ आणि विज्ञान या चार स्थायी समित्यांपैकी एकीने तरी या तीन धारिका एकत्र मागवून घ्याव्यात. गेल्या दहा वर्षांत सरकारी अनुदानातून उभ्या राहिलेल्या किती जैवतंत्रज्ञान कंपन्यांची मालकी बदलली आणि त्यांच्याजवळच्या औषधांचे पुढे काय झाले, एवढ्या एका तारांकित प्रश्नाने सुरुवात होऊ शकते. सरकारला त्याचे उत्तर देता आले नाही, तर तेही समितीच्या कामाला पुरेसे कारण ठरेल.